पात्याची पोकळ बाजू

पोहायला शिकवणारी बाई काठावरून ओरडते, “तळवा पोकळ करून ओढू नका! पाणी भरपूर येतं हाताला, पण दहा हात मारलेत की दम संपेल.”

*

खालच्या वस्तीत एका घरात पाणी दुसऱ्या पायरीवर आलं आहे. घरातली बाई शिलाई मशीन उचलून पलंगावर ठेवते आणि मग पलंगाकडे असं बघते, की आता तुला कुठे चढवू?

*

भंगाराच्या कोपऱ्यात एक जुनं लोखंडी चाक पडलं आहे. त्यात मांजर वेटोळं करून झोपतं. मांजराची पाठ आणि चाकाची पाती एकाच अंगाला वाकलेली.

*

पत्र्याचा बिल्ला. खिळ्याने ठोके मारून त्यावर लिहिलंय: नं. १.

*

तेलवाल्याचा जेवणाचा डबा खिडकीत आहे. पाच दिवस झाले. कुणी हात लावायला तयार नाही.

*

चौकशीला आलेल्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. बारा वाजून दहा मिनिटं. पाच वाजता त्यांना एका कागदावर सही करायची होती.

व्हॉल्व्ह: बंद

बाईंना सगळे काटेबाई म्हणायचे. आडनाव नव्हे ते. एकतीस वर्षं त्यांनी पंपाच्या कारखान्यात चाचणीच्या टेबलापाशी बसून गेजचे काटे वाचले होते. आता निवृत्त झाल्या होत्या, आणि पंपामुळे माणूस मेला की त्यांना बोलावणं यायचं.

इथे मेला होता तेलवाला.

पंपघर वस्तीच्या टोकाला, बांधाला खेटून. खड्ड्यात साचलेलं पाणी दोन पंप उचलतात आणि बांधापलीकडे फेकतात. पाच दिवसांपूर्वी भर दुपारी पाणी चढत असताना दोन नंबरची मोटर जळाली. तेलवाला तेव्हा बेअरिंगला तेल घालायला खाली उतरला होता. धुराने खड्डा भरला. तो वर आलाच नाही.

“मॅडम, प्रकरण अगदी सरळ आहे,” साहेब म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पंपघराचा सगळा कारभार त्यांच्याकडे.

“सरळ असतं तर मला कशाला बोलावलंत?”

“नियम आहे म्हणून.”

कागद टाइप करून तयारच होता. ‘पंपचालकाने लेखी सूचना डावलून दोन नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाण्याचा प्रवाह वाढल्याने मोटरवर बोजा येऊन ती जळाली.’ खाली सहीपुरती जागा. सही पडली की बाहेर बाकावर बसलेल्या पंपवाल्याला त्याच्या शेजारचा हवालदार घेऊन जाणार होता. माणूस मारल्याच्या आरोपाखाली.

“इम्पेलर नवा होता ना?” बाईंनी विचारलं.

“सोळा दिवसांपूर्वी बसवला. अकरा दिवस चालला. आज सकाळी तुमच्यासमोर कव्हर उघडलं. बरोबर बसलेला होता, हो की नाही?”

“होता,” बाई म्हणाल्या. इम्पेलर म्हणजे पंपाचं काळीज. गोल चाक, आत वाकडी पाती. ते गरगर फिरतं आणि पाणी कडेला भिरकावतं. आता ते चाक समोरच्या ओट्यावर होतं, आणि पंपात पाती जशी मागे झुकलेली असायला हवीत तशीच मिळाली होती. खोट काढायला जागा नव्हती.

“मध्ये कव्हर कुणी उघडलं होतं?”

“कुणीही नाही. मोटर जळाल्यापासून कव्हरच्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात आहे.”

“बसवल्यावर चाचणी?”

“घेतली की. व्हॉल्व्ह बंद ठेवून प्रेशर पाहिलं. पूर्वीइतकंच.”

“बंद व्हॉल्व्हवर सगळेच इम्पेलर साधू असतात, साहेब.”

साहेब हसले नाहीत. बाईही नाही. त्या आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होत्या. सकाळी कव्हर उचललं तेव्हा सांध्याचा राखाडी लेप बोटाला लागला होता. दोनदा साबण लावला तरी तो चिकट लेप गेला नव्हता.

हा लेप तीन-चार दिवसांत दगड होतो. सोळा दिवसांचा असता तर छिन्नीने खरवडावा लागला असता.

व्हॉल्व्ह: पाव

बाकावर पंपवाला. तिशी ओलांडलेला, दाढी वाढलेली, डोळे बुटांवर. पलीकडे उभी बायको, हातात कापडी पिशवी. हवालदाराने बाईंना जागा दिली.

— व्हॉल्व्ह तू उघडलास?

— हो.

— पूर्ण?

— हो. वस्तीतून फोनावर फोन येत होते. पाणी घरात शिरत होतं. अर्ध्या व्हॉल्व्हवर ते कधी उपसलं असतं?

— तिथे फळ्यावर काय लिहिलंय?

— ‘दोन नंबर अर्धाच उघडावा.’

— कधी लिहिलं ते?

— नवा इम्पेलर बसला त्याच्या चौथ्या दिवशी. साहेबांनी स्वतः.

— त्याआधी?

— नऊ वर्षं आहे मी इथं. कायम पूर्ण उघडायचो. नव्वद अँपिअर. काटा हलायचा नाही.

— आणि नव्यावर?

पंपवाल्याने हवालदाराकडे पाहिलं. बायको म्हणाली, “सांगा की! घरी भिंतीला सांगत होतात, त्यांना सांगायला काय झालं?”

— अर्ध्यावरच पंच्याण्णव. जरा उघडलं की शंभर, एकशे दहा. त्या दिवशी पूर्ण उघडल्यावर एकशे तीस. आणि पाणी पूर्वीपेक्षा कमी.

— मग मोटर आपोआप बंद का नाही पडली?

— पहिले तीन दिवस पडायची. सारखी. चौथ्या दिवसापासून थांबली.

— कुणी थांबवली?

— मोटर बंद पाडणाऱ्या पेटीला सील असतं, बाई. साहेबांचं.

— हे सगळं नोंदवहीत लिहिलंस?

— तासातासाला. पण वही जळाली म्हणे.

— कुठे होती?

— वर, टेबलावर.

बाईंनी मान वळवून खिडकीतून आत पाहिलं. टेबलाला ओरखडासुद्धा नव्हता.

— आवाजात फरक पडला होता?

त्याने पहिल्यांदा मान वर केली.

— पहिल्याच दिवशी. घरघर. जसं कुणी दम लागून...

— कुणाला सांगितलंस?

पंपवाल्याने मान पुन्हा खाली घातली. बाईंनी पुन्हा विचारलं. त्याने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

“व्हॉल्व्ह मी उघडला,” तो म्हणाला. “तेवढंच लिहा.”

बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली. आतून पांघरूण आणि टॉवेल बाहेर आला. कोठडीत न्यायला तिने सामानसुद्धा बांधून आणलं होतं.

व्हॉल्व्ह: अर्धा

दोन वाजून वीस मिनिटं.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पाती मागे का वाकवतात? बाईंना हे समजावताना बोलायचा कंटाळा यायचा. त्या हात दाखवायच्या. मनगट किंचित वाकवून हाताची पाठ पुढे केली आणि पाणी ढकललं, तर पाणी पाठीवरून निसटत पुढे जातं. थोडं मिळतं, पण हात थकत नाही. व्हॉल्व्ह कितीही उघडा, मोटर एका मर्यादेपलीकडे वीज ओढत नाही. म्हणून शहाणे लोक पाती मागे झुकवतात.

आता हात उलटा करा. पोकळ तळवा पुढे. आता पाणी उपसताय तुम्ही, कवेत घेऊन खेचताय. व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत फरक दिसत नाही. पण जसजसं पाणी वाहू लागतं तसतसा बोजा चढतच जातो, थांबत नाही. आणि केसिंग, म्हणजे चाकाभोवतीचं कवच, तर मागे झुकलेल्या पात्यांसाठी घडवलेलं. त्यात हे खेचलेलं पाणी आपटतं, घुसळतं, आणि बाहेर कमीच पडतं. दमछाक जास्त, काम कमी.

म्हणजे साहेबांचा आरोपच मुळात अंगाशी येत होता. ‘प्रवाह वाढला म्हणून मोटर जळाली.’ पाती मागे झुकलेली असतील तर असं होत नाही. आणि सकाळी पाती मागेच झुकलेली मिळाली होती.

दोन्ही गोष्टी खऱ्या. दोन्ही एकत्र अशक्य.

फिटर दाराशी येऊन उभा राहिला. साठीला टेकलेला, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. सगळे त्याला काका म्हणायचे. पंपवाल्याचा तर तो सख्खा चुलता. बाप गेल्यावर त्यानेच पुतण्याला वाढवला, त्यानेच इथे चिकटवला.

“बसा काका.”

“उभाच बरा आहे.”

“इम्पेलर तुम्ही बसवलात?”

“अठ्ठावीस वर्षं मीच बसवतोय.”

“हा दोन्ही अंगांनी पाणी घेणारा. म्हणजे शाफ्टवर, मोटरने फिरणाऱ्या दांड्यावर, उलटासुलटा कसाही चढतो. चुकायची भीती नाही वाटत?”

काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. कामाबद्दल कुणी विचारलं की असं होतं.

“आमची पद्धत आहे ना बाई. सुटा इम्पेलर आला की फळीवर ठेवायच्या आधीच त्याच्या एका पात्याला तारेने पंपाच्या नंबराचा बिल्ला बांधून टाकतो. बिल्ला ज्या अंगाला, ते अंग मोटरकडे. बसवायच्या वेळी डोकं चालवायचंच नाही. बिल्ला बघायचा, मोटर बघायची, चढवायचा. मग तार कापून बिल्ला खुंटीला.”

“छान पद्धत.”

“माझ्या उस्तादांची.”

“आवाज बदलला म्हणून पुतण्या तुम्हाला सांगायला आला होता?”

रंग गेला. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, आणि तरी त्यांना काही नीट दिसत नसावं.

“नवा आहे, बसेल हळूहळू... असं म्हणालो असेन मी.”

“आणि मग?”

“मग काय. बसला नाही.”

ते निघून गेले. जाताना दाराऐवजी भिंतीकडे वळले होते. अठ्ठावीस वर्षांच्या दाराचा त्यांना विसर पडला होता.

व्हॉल्व्ह: पाऊण

साडेतीन. बाई पंपघराच्या दारात उभ्या.

समोर एक नंबर घुमतोय. त्याची मोटर दाराच्या बाजूला. त्यापलीकडे दोन नंबर, गप्प, काळवंडलेला. त्याची मोटर बांधाच्या बाजूला. मधल्या जागेत सामान उतरवता यावं म्हणून कुणीतरी फार पूर्वी अशी मांडणी केली असणार. दोन भाऊ पाठीला पाठ लावून बसल्यासारखे.

दारातून बघितलं तर दोन्ही पंप एकाच अंगाला फिरतात. पण ज्याच्या त्याच्या मोटरकडून बघितलं तर?

बाईंनी हवेत बोट फिरवलं. मग दोन नंबरच्या मोटरपाशी जाऊन पुन्हा फिरवलं. मग जागच्या जागी थांबल्या.

मागच्या खोलीत सुट्या भागांची फळी होती. दोन खुंट्या. ‘नं. २’ असा बिल्ला लावलेला एक इम्पेलर अजून फळीवर होता, धूळ खात. दुसरी जागा रिकामी. त्या खुंटीला कापलेल्या तारेसकट लोंबकळत होता ‘नं. १’.

म्हणजे एक नंबरसाठी बिल्ला बांधलेला इम्पेलर दोन नंबरमध्ये गेला होता. बिल्ला बघायचा, मोटर बघायची, चढवायचा. पण मोटर तर दुसऱ्या टोकाला! म्हणजे चाक उलटंच चढणार.

 चूक कळली होती, पुरावा नव्हता. त्या उलट्या इम्पेलरला कुणीतरी नंतर सुलटा केला होता. ओल्या लेपावरून कव्हर उघडलं होतं एवढंच सिद्ध होतं. साहेब म्हणतील, साफसफाईला उघडलं असेल, विसरलो. आतलं चाक आता बरोबर होतं, आणि लोखंड काही बोलत नाही.

एक तास वीस मिनिटं उरली.

त्या बाहेर आल्या. भंगारातल्या जुन्या चाकात मांजर झोपलं होतं. दोन नंबरमधून सोळा दिवसांपूर्वी काढलेलं हेच ते चाक. बाई गुडघ्यावर बसल्या. “ऊठ ग बाई, तुझ्या घराची झडती आहे.” मांजर नाराजीने उठलं. बाईंनी दोन पात्यांमध्ये बोट घातलं.

पात्याची पाठ, फुगीर बाजू: काचेसारखी गुळगुळीत.

पात्याची पोकळ बाजू: खडबडीत. ओतल्या वेळची काळी साल तशीच.

साहजिकच होतं. खड्ड्यातल्या पाण्यात वाळू असते. पात्याची जी बाजू पाण्याला ढकलते, ती बाजू वाळू घासते. वर्षानुवर्षं पाठीने ढकललं, पाठ घासली गेली.

बाई उठल्या आणि जवळजवळ धावत आत गेल्या. ओट्यावर नवा इम्पेलर. बोट पात्यांच्या मध्ये. त्यांनी डोळे मिटले.

पाठ: खडबडीत.

पोकळ बाजू...

“मॅडम,” मागून साहेब म्हणाले. ते कधी आले ते कळलंच नव्हतं. “हात काढा तिथून. पुरावा आहे तो.”

व्हॉल्व्ह: पूर्ण

“आहेच,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना आत बोलवा.”

साडेचार. ओट्यावर दोन चाकं शेजारी शेजारी, जुनं आणि नवं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला काका. पंपवाला हवालदाराशेजारी. बायकोला कुणी बोलावलं नव्हतं. ती दारात उभी राहिली आणि तिला हलवायची हिंमत कुणाची झाली नाही.

“बोट घाल,” बाई पंपवाल्याला म्हणाल्या. “आधी जुन्यात. मग नव्यात.”

त्याने घातलं. जुन्यातून सावकाश काढलं. नव्यात घातलं आणि विस्तवाला लागल्यासारखं झटकन मागे घेतलं. नऊ वर्षं पंपाशेजारी काढलेला माणूस; त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने काकांकडे पाहिलं. मग खाली.

“व्हॉल्व्ह मी उघडला,” तो म्हणाला. “लिहा तसं आणि मिटवा.”

“अहो!” बायको ओरडली. “तुमच्या लेकीला काय सांगू मी? बाबांनी कुणासाठी बेडीला हात पुढे केले?”

“मॅडम, आरोपी कबूल करतोय,” साहेब म्हणाले. “आता अजून काय पाहिजे?”

“हे चाक अकरा दिवस चाललं,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “बसलेलं बरोबर मिळालं. बरोबर चाललं असतं, तर पाठ घासली गेली असती. इथे पाठ कोरी आहे आणि पोकळ बाजू लखलखीत. अकराच्या अकरा दिवस हे चाक उलटं फिरलंय. मग एक-दोन दिवसांपूर्वी कुणीतरी कव्हर उघडून ते सुलटं केलं आणि नवा लेप लावला. तो लेप अजून माझ्या बोटाला आहे.”

“ओतकामातच तसं आलं असेल.”

“फळीवर दुसरा नवा आहे, त्याच ओतकामातला. बोट घालून बघा.”

साहेबांनी घातलं नाही.

“हे कव्हर एकट्याने उचलत नाही,” बाई पुढे म्हणाल्या. “चेनपुली ओढायला एक आणि धरायला एक, दोघं लागतात. किल्ली एकाकडे. हा पोरगा पाच दिवस हवालदाराच्या नजरेखाली. मग उरलं कोण?”

एक नंबर पंपाची घुमघुम तेवढी ऐकू येत होती. त्याचा काटा नव्वदवर, न हलता.

“साखळी मी ओढली,” काका म्हणाले.

“काका, तोंड सांभाळा,” साहेब म्हणाले.

“तोंडच सांभाळलं ना साहेब, पाच दिवस. पोराच्या गळ्यापर्यंत आलं तरी सांभाळलं.” काकांनी ओट्याची कड धरली. “बाई, परवा यांनी मला बोलावलं. कव्हर वर गेलं आणि मी पाहिलं. उलटा. माझ्या हातचा.  हे म्हणाले, सुलटा करा आणि विसरा, तुमचं पेन्शन चार महिन्यांवर आहे. म्हणाले, पुतण्याला काही होणार नाही, फार तर बदली.”

पंपवाल्याने तोंड फिरवलं.

“तुम्हाला परवाच कळलं?” बाईंनी काकांना विचारलं.

“उलटा आहे ते परवाच.”

“मानते. पण साहेबांना चौथ्या दिवशीच कळलं होतं.” बाई फळ्याकडे वळल्या. “उलटा आहे हे नसेल कळलं. पण काटा चढतोय हे कळलं होतं. उघडून बघायला पाहिजे होतं. एक दिवस पंप बंद ठेवावा लागला असता, वर कळवावं लागलं असतं, की तुमच्या सहीच्या चाचणीत व्हॉल्व्ह उघडलाच नव्हता. त्याऐवजी तुम्ही सील तोडून मोटर बंद पडायचा आकडा वाढवलात आणि फळ्यावर ‘अर्धाच’ लिहिलंत. साहेब, तो फळा तुम्ही पुसायला विसरलात. मोटर वाचवायची सोय होती तीच काढून टाकली आणि खाली माणूस तेल घालत होता.”

“मी... वस्तीसाठीच तर... पंप बंद ठेवला असता तर...”

“नोंदवही कुठे आहे?”

साहेबांचा हात नकळत टेबलाच्या खालच्या कुलूपबंद खणाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. हवालदाराने तो पाहिला. पाच दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्या खणाची किल्ली मागितली.

वही निघाली. प्रत्येक तासाला एक ओळ. अकरा दिवस. पहिल्याच ओळीपुढे पंपवाल्याच्या टोकदार अक्षरात: ‘आवाज वेगळा. काकांना सांगितलं.’

बाईंनी टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहायला सुरुवात केली. पाच वाजायला सहा मिनिटं होती.  बायको आत आली आणि पंपवाल्याच्या शेजारी बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

हवालदार साहेबांना घेऊन बाहेर गेला. काका स्वतःच मागोमाग निघाले. पुतण्यापाशी ते थांबले.

“आवाज वेगळा आहे म्हणून सांगितलं होतं मी, काका,” पंपवाला म्हणाला. रागाने नाही. फक्त खात्री करून घ्यावी तसं.

“सांगितलं होतंस.”

“मग?”

काकांनी तारेने बांधलेला चष्मा काढला आणि त्याच्या हातात दिला, जणू आता तो त्यांना लागणार नव्हता. मग ते हवालदाराच्या मागे बाहेर पडले. 

व्हॉल्व्ह: बंद

इम्पेलर शाफ्टवर चढवला त्या सकाळी, सोळा दिवसांपूर्वी, तेलवाल्याने कापलेला बिल्ला खुंटीला अडकवता अडकवता विचारलं होतं, “काका, हा तर एक नंबरचा ना?”